एरंडेलाचा मान

अकोल्यातला आमचा घाण्यावरचा तेली एरंडेलाची बाटली दोन्ही हातांनी देतो. देताना हमखास सांगतो, की शर्यतीच्या जुन्या विमानांचं इंजिन पंख्यासोबत स्वतःही गरगर फिरायचं आणि त्याला एरंडेलच लागायचं.

परवा कॉलेजातल्या व्याख्यानाला तोही आला होता. तिथे एका प्राध्यापकांनी तेच सांगितलं. वर म्हणाले, तेल तोंडावर उडून वैमानिकांची पोटं बिघडायची. सगळे खो खो हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे! तेली ताडकन उठला.

"हासून काहून राहिले? त्याच तेलावर तं उडे इमान!"

लोक आणखीच हसले.

काल तेच प्राध्यापक दुकानात आले. पोट साफ होत नव्हतं. तेल्यानं बाटली काढली, पुसली आणि परत फळीवर ठेवली.

"इंजिनासाठी पायजे असन तं देतो, सर."