पटलावर ठेवलेलं भाषण

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परळीच्या घरी वर्तमानपत्रातली कात्रणं कापत बसलो होतो... त्यांच्यासाठीच. महागाईवरची एक बातमी अर्धी कापून झाली होती. फोन ठेवला आणि उरलेली अर्धीही कापली. त्याला दीड महिना होत आला. कात्रण अजून टेबलावर आहे.

विश्वंभरदादा आमचे खासदार, कायम विरोधी बाकांवरचे. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो आणि त्यांच्या लोकसभेतल्या भाषणांची टिपणं काढून द्यायचो. पण ती पास करायची त्यांची गिरजाआत्या. चकलांब्याला मेंढरं राखण्यात तिचा जन्म गेलेला. अर्थसंकल्पावर बोलायचं असलं की दादा आधी तिच्या ओसरीवर उभे राहून अख्खं भाषण वाचणार. तिच्या कपाळाला आठी पडली की ते वाक्य गेलंच. माझी किती घोटीव वाक्यं त्या ओसरीवर मेली म्हणून सांगू! मी चिडलो की दादा म्हणायचे, "सर, आत्याला कळलं न्हाई तर ते अर्थशास्त्र कुनाचं हाय?" शेवटी आत्या म्हणायची, "कळलं. जा, बोल आता." मगच दादा दिल्लीची गाडी धरत.

एकदा करांवरचा भाग चालला होता. साबणाच्या वडीमागे तू जेवढा कर भरतेस तेवढाच कारखानदारही भरतो, असं दादांनी सांगितलं. आत्या चमकली. "म्हंजे मी बी सरकारला पैशे देते? मंग सरकार मला कावून इचारत न्हाई?"

दादांनी तो प्रश्न तिच्या नावानिशी सभागृहात विचारला. बाकं वाजली, मंत्रीसुद्धा हसले. कर तसाच राहिला. पुढं दर वर्षी ते तेच विचारत राहिले, दर वर्षी नव्या शब्दांत. मी टीव्हीवर बघायचो तर त्यांच्या मागची बाकं रिकामी दिसायची. हे सगळं कशासाठी, असं मला वाटू लागलं होतं. त्यांनाही वाटत असेल, पण त्यांनी तसं कधी दाखवलं नाही.

शेवटच्या अधिवेशनात ते आजारी होते, चकलांब्याला जाणंही झालं नव्हतं. दिल्लीहून फोन आला. "सर, येळ संपला म्हनतेत. भाषण पटलावर ठेवा म्हनतेत. भांडून बघू का? दोन मिन्टं तरी मिळतील..." पटलावर ठेवलेला कागद नोंदीत जातो, ऐकत मात्र कुणी नाही. इतक्या वर्षांत दादांनी एकदाही तसं केलं नव्हतं. त्यांना धाप लागलेली मला ऐकू येत होती. पण खरं सांगतो, मी जे बोललो ते त्यांच्या काळजीनं नाही. मी कंटाळलो होतो.

"ठेवून द्या, दादा. नाहीतरी कोण ऐकतंय?"

दादा "बरं" म्हणाले. आमचं शेवटचं बोलणं ते.

मागच्या आठवड्यात ते भाषण घेऊन चकलांब्याला गेलो. आत्यानं विचारलं, "शेवटी काय बोलला त्यो तितं?"

"बोलले नाहीत, आत्या. मीच नको म्हणालो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या हातातल्या कागदांकडे बोट केलं. मग म्हणाली, "वाचा की मंग तुमी."

मी बसल्या जागी कागद उघडले.

"उबं ऱ्हाऊन."

उभा राहिलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मधूनमधून तिच्या कपाळाकडे बघत होतो. एकदाही आठी पडली नाही.

"कळलं," आत्या म्हणाली.

मी कागद हातात धरून थांबलो. पुढचं ती म्हणाली नाही.