मेलेल्याचा पुकारा

कोर्टाच्या व्हरांड्यात मी चहा देत होतो. शिपायाने पुकारा केला, तशी एक बाई उठून "हजर" म्हणाली. नाव तिच्या नवऱ्याचं होतं. चोरीच्या शिक्षेवर अपील करून तो सुनावणीआधीच वारला होता.

"बाई, त्यांच्या जागी अपील पुढे चालवायला तुम्ही ते गेल्यापासून महिन्याच्या आत अर्ज द्यायचा होता. अपील संपलं आता," तिचे वकील म्हणाले.

"आमच्यात महिनाभर विधवेला उंबरा ओलांडू देत नाहीत, साहेब. मग त्यांनी चोरी केली का नाही, ते कोण सांगणार?"

सातवीत शाळा सोडून आलेल्या मला या परक्या शहराने पोटाला दिलं, ते उपकार मी विसरत नाही. पण माणूस जातो आणि चोर तेवढा मागे ठेवतात, हा कुठला न्याय? उद्या माझं नाव पुकारलं, तर इथे उठणार कोण?

शिपायाने पुढचं नाव घेतलं. बाई खाली बसली नाही.