वारस आई, सही माझी

भाऊ महाळुंग्याच्या एका कंपनीत पहिल्या शिफ्टला गेला आणि मशीनपाशीच कोसळला. मला शाळेत फोन आला. वर्ग तसाच सोडून निघाले, पण चिंचवडहून दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर बाकावर ती बसली होती. नऊ वर्षं भावासोबत राहणारी बाई. तिचा नवरा तिला टाकून गेलेला, पण फारकत झाली नव्हती, म्हणून यांचं लग्न कधी झालंच नाही. आणि लग्न नाही म्हणून आम्ही कुणी त्यांच्या दारी गेलो नाही. चार वर्षं मी भावाशी बोललेही नव्हते.

हवालदाराने विचारलं, "मयत तुमचे कोण?"

"आम्ही सोबत राहत होतो," ती म्हणाली.

तसं लिहिता येत नाही, रक्ताचं माणूस लागेल, असं त्याने समजुतीच्या आवाजात सांगितलं. मग मी पुढे झाले. सख्खी बहीण. तो कुठली औषधं घ्यायचा, छातीत पूर्वी कधी दुखलं होतं का, सकाळी काय खाल्लं होतं, मला काहीच माहीत नव्हतं. उत्तरं ती देत होती, सह्या मी करत होते.

दिवसकार्य झाल्यावर वकील म्हणाले, निघोज्याचा छोटा फ्लॅट भावाच्या नावावर आहे. बायको-मुलं नाहीत, त्यामुळे कायद्याने आई एकटीच वारस. त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा. घरी आले की उगाच कपाटं आवरायला काढायची. आई सत्तरीची, तिच्यानंतर ते घर माझं, हा विचार मनात येऊन बसला होता. त्याची लाज वाटत होती आणि तो जातही नव्हता.

घर रिकामं करायला सांगावं म्हणून दोनदा निघोज्याला गेले. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आले. दुसऱ्या खेपेला तिनेच विचारलं, "ताई, कधीपर्यंत खाली करू?"

मी म्हटलं, बघू.

कोर्टातून वारस दाखला मिळायला बरेच महिने गेले. तो हातात आला त्या संध्याकाळी आईने मला समोर बसवलं.

"वारस मीच ना?"

"हो."

"मग घर तिच्या नावानं लिहून देते. कावीळ झाली तवा तिनं केलं त्याचं. आपल्याला तर ठावं पण न्हवतं."

मामा रागावले. मीही म्हटलं, थोडं थांबू या. आई थांबली नाही. वकिलांना सांगून तिने बक्षीसपत्र करून घेतलं आणि चाकणच्या नोंदणी कार्यालयात जाऊन सावकाश, एकेक अक्षर लावत सही केली. शेजारी ती डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. साक्षीदार म्हणून मला बोलावलं, तेव्हा मीही सही केली.

बाहेर आल्यावर आई तिच्यासोबत निघोज्याला निघाली. मुलाचं घर तिने कधी पाहिलं नव्हतं. मलाही चल म्हणाली. मी रजा काढलेली होती, तरी शाळेचं कारण सांगितलं आणि घरी जायला रिक्षात बसले. आई आता महिन्यातून एकदा तिकडे राहून येते. मी त्या दिवसानंतर अजून गेलेले नाही.