तीन बोटांवरचा टाका

माझी कापडाची कात्री ह्यांनी सँडपेपर कापायला घेतली, त्या दिवशी मी घरात चूल पेटवली नाही. शिवणकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, कात्रीची धार म्हणजे काय असते ते. "आगं, एकदाच घेतली," हे म्हणाले. "एकदाच नाक कापलं तर चालतंय व्हय?" मी म्हणाले. तासगावातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत माझं ब्लाऊज शिवायचं मशीन आणि मागच्या खोलीत ह्यांनी हातानं केलेली छोटी छोटी नमुन्याची विमानं, असा आमचा संसार. मधल्या दारात रोजची भांडणं.

ह्यांची मूळची खरी विमानं लढाऊ नव्हती, टेहळणीची होती. लढाईत शत्रूच्या डोक्यावर सावकाश घिरट्या घालायच्या, आपल्या तोफेचा गोळा कुठं पडला ते वरून बघायचं आणि रेडिओवर तोफवाल्यांना सांगायचं, एवढंच त्यांचं काम. नळ्यांचा आणि लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं कापड. असल्या विमानांची नावंसुद्धा कुणाला ठाऊक नसतात. दुकानात तयार संच मिळतात ते नावाजलेल्या विमानांचे, आणि ह्यांना हवी असायची पोलंडची, हंगेरीची, जपानची, कुणीच न ऐकलेली. मुलगी पुण्याहून जुने आराखडे छापून पाठवायची. मिरजेत एक तंबोरे करणारे होते, त्यांच्याकडून हे तुणीच्या लाकडाच्या पातळ चिपा पिशवीभर घेऊन यायचे. अशी एकोणीस विमानं केली. फळीवर ओळीनं मांडली. धूळ पुसायला मात्र मी!

हे मूळचे सातारा जिल्ह्यातले, औंधच्या बाजूचे. घरातले सगळे बाप्ये पलटणीत, तसे हेही गेले. पण ह्यांच्या हाती बंदुकीऐवजी वाकडी सुई आली. टेहळणी विमानाच्या पंखाचं कापड आतल्या लाकडी फासळ्यांना शिवून बसवायचं, फाटलं तर ठिगळ लावायचं, ही ह्यांची नोकरी. लग्न ठरताना माझ्या मामानं विचारलं, "पोरगा फौजेत काय करतोय?" उत्तर आलं, "शिवतोय." घरात काय हसाहस झाली म्हणता! मी मनात म्हणाले, बरं झालं, काजबटणाचं तरी कळेल ह्याला. कसलं काय. उभ्या जन्मात स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावलं नाही.

एकोणीस विमानं झाली, पण ज्याच्यावर स्वतः काम केलं ते काही ह्यांनी कधी केलं नाही. मी चिडवायची, "जगाची झाली, आपलं कवा?" हे सँडपेपर घासत राहायचे. मला वाटायचं, आराखडा मिळत नसेल.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं. परत येताना एसटीत ह्यांनी थरथरणारा उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि खिडकीबाहेर बघत बोलायला लागले. एकाहत्तरच्या लढाईत एका सकाळी विमान पंखाला भोकं पाडून घेऊन आलं होतं. ते उडवणाऱ्या साहेबांना लगेच परत जायचं होतं. ठिगळ शिवायचा नियम असा, की दोन बोटांवर एक टाका. ह्यांनी घाईत तीन बोटांवर एक घातला. साहेबांनी बघितलं, पाठीवर थाप मारली, "चलेगा" म्हणाले आणि गेले. विमान परत आलं नाही. चौकशीत लिहिलं गेलं, शत्रूची गोळी लागली.

"मला कुणी एका शब्दानं इचारलं न्हाई," हे म्हणाले. "इचारलं असतं तर बरं झालं असतं. गोळी लागली का माझा टाका उसवला, कुणाला ठावं?"

पन्नास वर्षं! पन्नास वर्षं ह्या माणसाच्या जेवणात मीठ किती लागतं ते मला माहीत होतं, आणि हे माहीत नव्हतं. असा राग आला की हात धरून एसटीतून खाली उतरवावं. आणि रडूही आलं. आजूबाजूला माणसं होती म्हणून पदर तोंडाला लावून बसले.

घरी आल्यावर ह्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली. आत जुन्या धोतरात गुंडाळलेला एका पंखाचा सांगाडा होता, हातभर लांब. त्याच विमानाचा. हात चालत होते तेव्हाच करून ठेवला होता. शिवायचा धीर झाला नव्हता.

"तू शिव," हे म्हणाले. "तुझा हात चांगला हाय. माझा आता चालत न्हाई."

ह्यांच्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं. उडताना हवा पंखाचं वरचं कापड वर ओढते. म्हणून फक्त वरचंच कापड शिवायचं, खालची बाजू उघडी ठेवायची, मग पंख उलटा करायचा, परातीसारखा, आणि आत वाळू भरत जायची. टाका किती पेलतो ते कळतं. उडताना येतो तेवढा भार यायला किती वाळू लागेल, त्याचं गणित एका वहीत लिहून ठेवलं होतं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, एवढ्याशा पंखावरून खऱ्याचं काही कळत नसतं." हे म्हणाले, "तुला कळत नसंल," आणि फोन माझ्या हातात दिला.

कापडावर पेन्सिलीच्या खुणा ह्यांनी स्वतः केल्या. एकेका टिंबाला डाव्या हातानं उजवा हात धरून. तीन बोटांचं अंतर, पंखाच्या मापात लहान करून.

"खुणंवरच घाल. कमी न्हाई, जास्त न्हाई."

"चाळीस वर्षं झाली मला शिवायला," मी म्हणाले. "मला शिकवू नका."

मेण लावलेला दोरा, वाकडी सुई, प्रत्येक टाक्याला गाठ. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी हे जेवून आडवे झाले. हात थरथरायचं थांबायचा तो फक्त झोपेत. मी एकदा त्या हाताकडे बघितलं, एकदा शिवणीकडे, आणि दोन खुणांमधली ती मोकळी जागा मला बघवेना. चाळीस वर्षांत माझ्या हातचा ब्लाऊज एकाही बाईचा काखेत उसवला नाही. आणि हा पंख उसवला तर? ह्या वयात, ह्या हातांनी, हे कुठं जाणार होते ते ओझं घेऊन? मी सुई ओवली आणि प्रत्येक दोन खुणांच्या मध्ये आतल्या अंगानं एकेक चोरटाका घालून टाकला. वरून दिसू नये म्हणून फीत चिकटवली. चांगलं केलं, असंच वाटलं मला. खोटं कशाला सांगू?

दिवाळी झाल्यावर एका सकाळी अंगणात दोन स्टुलांवर पंख उलटा ठेवला. मी वाटीवाटीनं वाळू घातली, ह्यांनी वाट्या मोजल्या. वहीतला आकडा आला, गेला. वर आणखी दोन वाट्या घातल्या. टाका हलला नाही. "झालं का समाधान?" मी म्हणाले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

हे हसले नाहीत. वाळू काढायला लावली. मग पंख मांडीवर घेऊन आतल्या बाजूनं फासळीवरून बोट फिरवायला लागले. ज्यानं जन्मभर टाके चाचपले त्याचं बोट ते.

"मधी टाका हाय," हे म्हणाले.

"व्हय. सवयीनं पडला असंल."

"परत्येक खुणंमधी?"

मी स्टुलावर सांडलेली वाळू झाडायला लागले.

"म्हंजे तुलाबी वाटलंच," हे म्हणाले, "की माझा टाका उसवंल."

ओरडले असते तर मी भांडले असते. भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण हे शांतपणे बोलले, पंख स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, "च्या कर." मी चहा केला. संध्याकाळी मी म्हणाले, "दुसरा शिवते, खुणंवरच शिवते." "नको," हे म्हणाले, "आता काय बघायचं ऱ्हायलंय." मला रेटून शिवता आला असता. ह्यांचं 'नको' मी आयुष्यात कधी मानलं होतं? पण मी घाबरले. खरंच उसवला तर काय, म्हणून घाबरले. त्यानंतर हे मागच्या खोलीत गेले नाहीत. पुढच्या खोलीत माझ्या मशीनपाशी खुर्चीवर बसून राहायचे, रस्त्यावरचे ट्रॅक्टर बघत.

संक्रांत झाली आणि आठ दिवसांत हे गेले.

चैत्रात मी तो पंख मागच्या खोलीतल्या फळीवरून खाली काढला. सगळा उसवला. नवं कापड चढवलं, जुन्यावरच्या खुणा जशाच्या तशा उतरवून घेतल्या आणि खुणेवर एक, खुणेवर एक, असा शिवला. मध्ये काही नाही. अंगणात तीच दोन स्टुलं मांडली. वाळू घालायला लागले. मोजायला कोणी नव्हतं, मीच मोजत होते. वहीतला आकडा आला. टाका धरून होता. मी घालतच राहिले. का ते माहीत नाही; थांबवेना. वाळूची पाटी रिकामी व्हायला आली आणि टर्रकन आवाज झाला. सगळी वाळू माझ्या पायांवर.

मी तिथंच बसले. पंख उचलायची हिंमत होईना. मग उचलला. कापड फाटलं होतं, दोन फासळ्यांच्या बरोबर मधोमध. टाके सगळे जागच्या जागी. एकेक गाठ बोटानं चाचपून बघितली. एकही सुटली नव्हती.

"आवं," मी मोठ्यानं म्हणाले, "कापड फाटलं. तुमचा टाका न्हाई उसवला."

मुलगी म्हणते, ह्यानं काही सिद्ध होत नाही. मलाही ते कळतं. पण ह्यांना तेवढं पुरलं असतं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, दोन-अडीच महिने तरी हा माणूस निवांत जगला असता. मी फक्त खुणेवर शिवायचं होतं.