कोरडा हात

माझ्या काकूला वाघानं मारलं, मसाल्यानं नाही.

हे वाक्य मी पत्रकात सगळ्यात वर टाकलं होतं, ठळक टायपात. नागभीडच्या छापखान्यातला माणूस वाचून म्हणाला, "ताई, मसाला कुठून आला मधातच? लोकायले समजणार नाई." मी म्हटलं, "आमच्या गावातल्या लोकांना समजेल. छापा."

समजलं. समजलं म्हणूनच गावात त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

मसाला काकूचा. तिचं माहेर कुरखेड्याकडचं. तिथून तो तिच्याबरोबर आमच्या घरात आला. रश्श्याचा मसाला वेगळा. हा कोरडा, मटणाला नुसता चोळायचा. भिवापुरी मिरची, धने, मिरे, दगडफूल, वाळवलेला लसूण, आंबटपणाला आंबाडीच्या सुक्या बोंडांची पूड, खडेमीठ. आणि शेवटी मोहफुलं, उन्हात कडक वाळलेली, तव्यावर काळपट होईस्तोवर भाजून कुटलेली. मोहामुळे विस्तवावर मटणाला वरून काळा, चिकट, गोडसर पापुद्रा धरतो. कुणी गूळ घालायला सांगितलं की काकू नाक मुरडायची. "गूळ जळते बाई. मोह भाजते."

नियम एकच. हात कोरडा पाहिजे. चोळायला बसण्याआधी ती तांदळाच्या कोंड्यात दोन्ही हात घासायची, बोटांच्या बेचक्यांत सुद्धा. बरणीत ओला हात गेला की मसाला मेला, असं ती म्हणायची. लहानपणी मी पाणी पिऊन तशीच बरणीकडे गेले तर मनगटावर फटका बसायचा. तिला मूल नव्हतं. मी होते, म्हणून फटके मलाच.

विस्तव काकाचा. धावड्याची पडलेली फांदी आणायची, निखारे पाडायचे, त्यावर पळसाचा ओला पाला टाकून धूर धरायचा आणि चुलीवरच्या तारेला मटणाच्या पट्ट्या टांगून ठेवायच्या. दोघांचं त्यावरून दर वेळी वाजायचं. ती म्हणे धूर जास्त झाला, तो म्हणे मिरची जास्त झाली. "मसाला तुहा, धूर माहा," काका म्हणायचा, "आपापलं सांभाळा." त्या तारेखाली उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे आणि तोंडाला पाणी सुटायचं, दोन्ही एकदम.

त्या वर्षीच्या धुळवडीचं मटण तसंच तारेवर होतं. मोहफुलं पडायला लागली होती. पहाटे बाया टोपल्या घेऊन निघाल्या, काकूही निघाली. डबा काकानं भरला. करपलेल्या कडांचे तुकडे तिला आवडायचे, ते निवडून काढले, भाकरीत घातले, फडक्यात डबा बांधला. म्हणाला, "दुपारी खाय. थंडच चांगले लागते."

ती परत आली नाही. जे आलं त्याबद्दल मी पत्रकात लिहिलं नाही आणि इथंही लिहिणार नाही.

पण पुढचं लिहिणार. अंगणात गर्दी होती. जीपमधून एक साहेब आला होता. कुठल्या खात्याचा, काय हुद्द्याचा, हे त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारण्याच्या स्थितीत नव्हतो. त्यानं विचारलं, सोबत खायला काय होतं? काका सरळ माणूस. सांगितलं, मटण होतं, मसाला लावून धुरी दिलेलं. साहेबानं मान हलवली, जणू हिशोब जुळला. "मग काय! वासावर येते ना जनावर. किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

त्या वाक्यात किती सोय आहे बघा. जंगल का आक्रसलं, बायांना मोह वेचायला इतक्या आत का जावं लागतं, वाघ गावाच्या शिवेवर का आला, एकाही प्रश्नाला हात न लावता सगळं खापर एका बाईच्या डब्यावर! मेली तीच, गुन्हेगारही तीच. आणि डबा भरणारा नवरा तिथंच उभा, डोक्यावरचा गमछा हातात घेऊन. मी साहेबाला काय काय बोलले ते मला आठवत नाही. आईनं दंडाला धरून आत नेलं एवढं आठवतं.

गावानं ते वाक्य उचललं. "वास आला त्याले." आमच्याकडे कुणी वाघ म्हणत नाही, जंगलाच्या वाटेवर तर नाहीच. "तो" म्हणतात, "बुवा" म्हणतात. मी वाघ म्हणते, वाघ छापते, आणि आई दर वेळी दचकून दाराकडे बघते. बायांनी डब्यात लसणाची चटणी न्यायचंही सोडलं. कोरडी भाकर आणि कांदा. माझ्या पत्रकाच्या घड्या करून पोरांनी होड्या केल्या.

काकानं मसाल्याची बरणी फडक्यानं तोंड बांधून माळ्यावर ठेवली. तार काढून टाकली. आणि मग वास यायला लागला.

दुपारी यायचा. चूल थंड, घरात कुणी काही शिजवत नसे, आणि एकाएकी मिरची, धूर, भाजलेला मोह. अगदी ती हात झाडून उठल्यासारखा. आई तांदूळ निवडत असायची. मान वर न करता म्हणायची, "आली." आणि निवडत राहायची.

मी हे मानत नाही. अंगात येणं, भानामती, भुताटकी यांच्या विरोधात मी चौकाचौकात पत्रकं वाटलेली आहेत. मी काकाला समजावलं: वर्षानुवर्षांचा धूर आपल्या छपराच्या लाकडांत मुरलाय, दुपारी वरचे कवेलू तापले की तो सुटतो, बाकी काही नाही. काका म्हणाला, "हो. तुहं बरोबर हाय." आणि उठून बाहेर गेला. वास असेपर्यंत तो गोठ्याच्या भिंतीला टेकून बसायचा. ऐकत असल्यासारखा.

एकदा मी त्याच्याजवळ जाऊन बसले. त्यानं विचारलं, "तुले काय वाटते, डबा उघडला असन का तिनं?"

मी सांगितलं, वाघाला मिरची-मसाल्याचं काही पडलेलं नसतं. गुराखी रोज बकऱ्या घेऊन जातात, त्यांचा वास काय कमी असतो? असं बरंच. माझं बोलणं संपेपर्यंत तो थांबला.

"तसं नाई. उघडला होता का, एवढंच. बंद असन तं गोष्ट वेगळी. उघडला असन तं मीच बोलावला त्याले."

तेव्हापासून तो दुसरं काही विचारत नव्हता. बैलांना पाणी पाजताना, जेवताना, मधेच थांबून: उघडला असन का? डबा परत आलाच नव्हता. खरं सांगायचं तर मलाही तो दिसायचा. डोळे मिटले की झाडाखाली उघडा पडलेला डबा, आणि गवतातून वर उचललेलं नाक. पत्रक माझंच, आणि रात्री मी साहेबाच्या बाजूनं स्वप्न बघत होते.

मागच्या घरची बाई त्या दिवशी काकूसोबत होती. ती सांगू शकली असती. पण त्या दिवसापासून तिनं आमच्या दारावरून जाणंच सोडलं. विहिरीवर सुद्धा लांबच्या वाटेनं. मी तिच्या घरी गेले तर दारातूनच म्हणाली, "मले काई माहीत नाई बाई. तू जाय."

पुढची धुळवड आली. गावभर मटण शिजत होतं. आम्ही वरण-भात खाल्ला. काका दार लावून बसला.

मग पुन्हा मोह पडायला लागला, आणि एका सकाळी ती बाई दारात उभी राहिली. पदराखाली काहीतरी होतं. काका अंगणात दोर वळत होता. तिनं पदर बाजूला केला. काकूचा डबा. तेच फडकं, धुतलेलं.

काकाचे हात थांबले.

"वर्ष झालं आणाचा आणाचा म्हनते," ती म्हणाली, "पण रिकामा डबा कसा आणू कोनाच्या घरी? अन् भरून कसा आणू सुतकाच्या घरी? काय घालू त्यात? रोज हातात घेतला अन् रोज ठेवला."

"तुह्याकडं होता?" काका म्हणाला.

"पळालो तवा सगळ्यायचे डबे मीच ओढले झाडावरून. घरी जाऊन पाह्यलं तं हा बी त्यात."

"झाडावरून?"

"झाडालेच तं राह्यते. मुंग्या लागते ना खाली. वाटेवरच्या पळसाले टांगले होते सगळे. आमी तं पार आत, नाल्याच्या पल्याड."

काका उठून उभा राहिला. "उघडला होता का?"

"इतक्या सकाळी कोन उघडते भाऊ? ऊन वर आल्यावर बसतो आमी." आणि मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, ती जराशी हसली. "अन् उघडते कशी? गाठ तुमीच मारली होती ना? बैलाची. ती वाटेनं हसून राह्यली होती, म्हने माह्या नवऱ्यानं डब्यात बैल बांधला, सुटून जाईन म्हणून. ती गाठ मले घरी दातानं सोडा लागली."

काकानं हातातला दोर खाली ठेवला.

"आतलं जसंच्या तसं होतं. मी नाई खाल्लं भाऊ. नाल्यात सोडलं." तिनं डबा दुसऱ्या हातात घेतला. "वासाचं काई नाई. ती वाकून होती. आमी सगळ्याच वाकून होतो. ती शेवटची होती, बस."

मला राहवलं नाही. "मावशी, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? वर्षभर हा माणूस…"

"तुले सांगून? तू छापलं असतं. माहं नाव टाकून, मोठ्या अक्षरात." तिनं माझ्याकडे पाहिलं. "छापून तू नागभीडले जातं. मले त्याच वाटेनं मोहाले जा लागते."

माझ्या डोक्यात वाक्य तयार होतं, पहिलं, ठळक टायपाचं. मी ते गिळलं.

तिनं डबा काकाच्या हातात दिला. जड होता. आत या वर्षाची मोहफुलं, वाळवलेली. "रिकामा नाई आणला," ती म्हणाली आणि निघून गेली. जवळच्या वाटेनं.

काकानं तार पुन्हा बांधली. कोंबडा कापला. मोह तव्यावर मी भाजला. जरा जास्तच काळा झाला, काकूनं तोंड वाकडं केलं असतं. माळ्यावरची बरणी उतरवली. मसाला कोरडाच होता, नाकात शिरला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, मिरचीनं म्हणा. कुटलेला मोह मी त्यात मिसळला. काकानं कोंड्यात हात घासले, तिच्यासारखेच, बेचक्यांतून. चोळायला तो कधी बसला नव्हता. बरणीवर हात नेला आणि थांबला. दुसऱ्या हातानं तोंड पुसलं. मग या हातानं पुसलं. तळव्याकडे पाहिलं.

"तूच चोळ," म्हणाला. "माहा हात ओला हाय."

मी चोळलं. सांध्यांत, कातडीखाली, चिरांमध्ये, ती दाबायची तसं अंगठ्यानं. आतून आई म्हणाली, "आली." या शब्दावरून मी आईशी दर वेळी भांडते. त्या दिवशी नाही भांडले.

संध्याकाळी काकानं करपलेल्या कडांचे तुकडे निवडले, काकूच्या डब्यात भरले, त्याच फडक्यात बांधले. तीच गाठ. "त्या बाईले देऊन ये. म्हणावं, दातानं नको सोडू, सुरी घे."

तिचं घर मागचंच, पण वाट आमच्या वाडीच्या कडेनं जाते, आणि वाडीच्या पलीकडे झाडी. उजेड होता अजून. हातातल्या डब्यातून वास सुटला होता, मिरचीचा, धुराचा, मोहाचा, आणि मला त्याची अजिबात भीती वाटली नाही. मी खरं तेच छापलं होतं. मसाल्यानं काही होत नाही.

अर्ध्या वाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल पायातून निसटून गवतात पडली. ती उचलायला वाकावं लागलं असतं.

मी उभीच राहिले जरा वेळ, पाठ ताठ. मग चप्पल तिथंच सोडली आणि एका पायानं अनवाणी, डबा छातीशी धरून, तिच्या दारापर्यंत चालत गेले.