खांदे लपवायचे कपडे

आमचे बाबा पुरुषांचे कोट शिवतात. गेली तीस वर्षं खांदे पडलेले कारकून त्यांच्याकडे येतात आणि बाबा आत कापसाच्या गाद्या घालून त्यांना पहिलवान करून सोडतात. "देवाने हात आखडता घेतला, तिथे शिंप्याने सैल सोडावा," असं ते म्हणतात.

मी पोहायला शिकवते. माझे खांदे दाराएवढे आणि कंबरेखाली नुसती काडी. काल फिरायला जायचे कपडे आणायला गेले, तर दुकानातल्या बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "वर गडद आणि व्ही गळ्याचं घाला, खाली फिक्या रंगाची सैल पँट. खांदे लपतील."

ते सगळं घालून मी बाबांच्या दुकानात उभी राहिले. "लपले का?"

बाबा गोंधळले. "लपवायचे कशाला? चोरून आणलेत का?"

"रुंद दिसतात, बाबा!"

"मग मी तीस वर्षं काय करतोय?"

त्या दुकानातल्या बाई शहाण्या की बाबा, तेच मला कळेना. तेवढ्यात ट्रायलला आलेले वकील आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, मला अगदी असे खांदे करून द्या."

बाबांनी गळ्यातली टेप काढून माझ्या पाठीवर धरली, आकडा पाहिला, पुन्हा एकदा पाहिला.

"साहेब," ते म्हणाले, "एवढा कापूस दुकानात नाही."