गाऱ्हाण्याचं संमोहन

आमच्या जामसंड्याच्या भजनी मंडळात टाळांपेक्षा किस्से जास्त वाजतात. हल्ली त्यात संमोहनाची भर पडली आहे!

निमित्त माझी धाकटी जाऊ, मालू. एकदा होडी कलंडता कलंडता वाचली, तेव्हापासून तिने खाडीत पाय घातला नाही. माहेर मात्र बेटावर. तिथे पूल नाही, आणि अंथरुणाला खिळलेली आई लेकीची वाट बघतेय. मी तिच्यासाठी सोळा सोमवार धरले. तेवढ्यात माझी भाची केतकी राहायला आली. ती मानसोपचाराची डॉक्टर, संमोहनही करते.

*

केतकी म्हणाली, यात कुणी झोपत नाही. लक्ष एका जागी ठरतं, बाकीचं मागे सरतं. "मावशी, पोथी वाचताना दूध उतू जातं ते तुला कळतं का?"

इतकी वर्षं मी गॅसला दोष देत होते!

*

संमोहनात माणसाकडून मनाविरुद्ध काही करवून घेता येत नाही, हेही तिने समजावलं. नवऱ्याला घेऊन यायच्या बेतात असलेल्या शेजारच्या सुमनवहिनी निराश झाल्या.

"मगे माझ्या घोवाक हाडून काय उपेग नाय."

*

मालूला खुर्चीत बसवलं. आम्ही मंडळातल्या सगळ्या मागे. केतकीचा आवाज संथ, एका सुरातला. "तुमचे डोळे जड होत आहेत..."

असा सूर आम्ही देवळात गाऱ्हाण्यालाच ऐकलेला. तिथे एकजण देवाला साकडं घालतो, बाकीचे साथ देतात. सवयीने सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं, "व्हय म्हाराजा!"

मालूने हसत डोळे उघडले. केतकी रागावली नाही. उलट मला गाऱ्हाण्याचे शब्द विचारून घेतले आणि पुढच्या खेपेला तेच वापरले. या वेळी आम्ही मुद्दाम साथ दिली. मालूचे खांदे हळूहळू सैल पडले. भीती वाटली की श्वास सोडत गाऱ्हाणंच म्हणायचं, असं केतकीने तिला सांगून ठेवलं.

*

सोळाव्या सोमवारचा उपास सोडला आणि मालूला घेऊन धक्क्यावर गेले. मधोमध होडी हलली. मालूने माझा हात घट्ट धरला, डोळे मिटले आणि मोठ्यानेच म्हणाली, "बा देवा म्हाराजा, माका आवशीकडे पोचव."

बाजार करून परतणारी अनोळखी माणसं, होडीवाला, सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

मालूने डोळे उघडले ते पार किनाऱ्यापर्यंत उघडेच.

आईने खाटेवरून तिला निरखून बघितलं. "होडयेन इलंस गो?"

मालूने तिचा हात हातात घेतला.

"व्हय म्हाराजा."